अंगणात मांजर व्याली आहे: पिल्लांना हात लावण्याआधी काय करायचं आणि कशानंतर काय

कुटाराच्या कोठीत, कापसाच्या ढिगामागं, पऱ्हाट्यांच्या गंजीत नाहीतर माळ्यावरच्या जुन्या टोपल्यात भटकी मांजर व्यालेली सापडते. घरातलं कोणीतरी कळवळून पिल्लं उचलून आत आणतं. वाटीत गाईचं दूध येतं, कापसाची वात बुडवून ती पिल्लाच्या तोंडाशी धरली जाते. दुसऱ्या दिवशी हगवण लागते, पिल्लं गार पडतात, आणि तोवर पिल्लं शोधत फिरणारी आई दुसऱ्या आळीत गेलेली असते. माणसांची माया खरी असते, पण क्रम उलटा होतो.

आई जिवंत असेल तर ऊब, दूध, चाटून साफ ठेवणं आणि शी-शू करवणं ही सगळी कामं तीच करते, आणि आपल्यापेक्षा फार चांगली करते. तिला पोटभर खायला घालणं, जागेवर टिकवणं आणि वाईटापासून वाचवणं एवढंच आपल्याकडे उरतं. म्हणून पुढचा सगळा क्रम आईपासून सुरू होतो.

## १. आधी लांबून पाहा

‘मांजर पिल्लं टाकून गेली’ हे आपल्याकडे फार लवकर म्हटलं जातं. बहुतेक वेळा ती खायला किंवा पाण्याला गेलेली असते. नाहीतर एकेक पिल्लू तोंडात धरून नव्या जागी हलवत असते आणि आपण नेमके मधल्या खेपेला तिथं पोचतो. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण लहानपणापासून ऐकतो. आकडा सोडा, पण जागा बदलण्याची तिची सवय खरी आहे. अशा वेळी मागं राहिलेली दोन पिल्लं आपण ‘वाचवून’ आणली, तर ती आईला कायमची मुकतात.

पंधरा-वीस पावलं मागं सरका, आडोसा घ्या. पोरांना आणि कुत्र्याला घरात ठेवा. तुम्ही जवळ उभे असाल तोवर बुजरी मांजर येणारच नाही.

पिल्लांकडे पाहूनही बरंच कळतं. पोट गोल, अंग कोरडं, एकमेकांना चिकटून शांत झोपलेली असतील तर आई नुकतीच पाजून गेली आहे. पोट खपाटीला गेलेलं, अंग मळलेलं आणि सारखं ओरडणं चालू असेल तर ती बऱ्याच वेळात आलेली नाही.

सतत लक्ष ठेवणं जमत नसेल तर पिल्लांच्या जागेपासून हातभर अंतरावर बारीक चाळलेल्या मातीचा पातळ पट्टा पसरा. आई येऊन गेली की पंजे उमटतात. पीठ वापरू नका, त्याला मुंग्या लागतात आणि डोळे न उघडलेल्या पिल्लांना त्या जिवंतपणी तोडतात.

डोळे मिटलेली पिल्लं शांत आणि ऊबदार असतील तर तीन-चार तास थांबायला हरकत नाही. डोळे उघडलेली, चालणारी पिल्लं त्याहून जास्त वेळ आईवाचून राहू शकतात.

पण इथं थांबायचं नाही: गंजी पेटवायची आहे, धुरा जाळायचा आहे, मळणी यंत्र किंवा ट्रॅक्टर लावायचा आहे, पिल्लांवर ऊन किंवा पावसाचं पाणी येतंय, मुंग्या लागल्या आहेत, कुत्रं घिरट्या घालतंय, किंवा पिल्लू जखमी आहे. अशा वेळी सगळी पिल्लं एकत्र उचलून जवळात जवळच्या सुरक्षित सावलीत ठेवा, म्हणजे आईला आवाज ऐकू येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाट्या-तुराट्यांचे ढीग पेटवण्याआधी काठीनं हलवून, वाकून आत पाहायची सवय प्रत्येकानं लावून घ्यावी. मांजरीला तोच सगळ्यात सुरक्षित आडोसा वाटतो.

वय ओळखा: डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले आणि नाळेचा वाळका तुकडा लोंबतोय म्हणजे चार-पाच दिवसांच्या आतलं पिल्लू. डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. तिसऱ्या आठवड्यात कान उभे होतात आणि पिल्लू डुगडुगत चालू लागतं. चौथ्या आठवड्यात दात दिसतात आणि खेळ सुरू होतो. पुढची जवळजवळ प्रत्येक गोष्ट वयावर ठरते, म्हणून अंदाज आजच लिहून ठेवा.

## २. मग आईचं पोट

पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. उपाशी आई लांब शिकारीला जाते आणि जास्त वेळ बाहेर राहते. उंदराचं औषध खाल्लेला उंदीरही ती खाते, आणि मग तिचा जीव जातो. खाणं जवळ मिळालं की यातल्या बऱ्याच गोष्टी टळतात.

भाकर-दूध आणि वरण-भात पोट भरतात, पण तेवढ्यावर पिल्लं पोसत नाहीत. मांजर मांसाहारी प्राणी आहे. खालीलपैकी जमेल ते द्या:

- पिल्लांसाठीचं पाकिटातलं कोरडं खाद्य. तालुक्याच्या गावी मिळतं. पाजणाऱ्या आईलाही मोठ्या मांजराच्या खाद्याऐवजी हेच द्या, त्यात ताकद जास्त असते.
- मीठ-तिखट-हळद न घालता उकडलेली कोंबडी, हाडं काढून. ज्या पाण्यात उकडली ते पाणीही द्या.
- उकडलेली अंडी. ज्या घरात मांस शिजत नाही तिथं अंडी आणि पाकीट यावर भागतं.
- भंडारा-गोंदियाकडे तलावाची मासळी सहज मिळते. ती उकडून, काटे काढून. सुकट द्यायची तर दोनदा पाण्यात भिजवून मीठ काढा, आणि तीही कधीमधीच.

दिवसातून तीन-चार वेळा, ती खाईल तितकं घाला. या दिवसांत तिचं खाणं मोजायचं नाही. घरात उरलेला रस्सा मात्र कधीच घालू नका. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात.

मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणींना दूध पचत नाही. दूध पाजलं की आईला दूध येतं हा समज सोडून द्या. तिला दूध येतं ते मांस-अंड्यातून आणि पाण्यातून. माठातलं स्वच्छ पाणी पसरट मातीच्या भांड्यात ठेवा आणि उन्हाळ्यात ते दोन-तीनदा बदला.

सावध: फवारणीच्या औषधाचं झाकण, डबा, कापलेली कॅन यांतलं काहीही पाण्याला किंवा खाण्याला वापरायचं नाही, कितीही धुतलेलं असो. शेतकरी घरात अशी भांडी हाताशी असतात, म्हणूनच हे बजावून सांगते आहे.

ताटली पिल्लांच्या शेजारी ठेवू नका. वासानं कुत्रे आणि बोके तिथवर पोचतात. आठ-दहा पावलं दूर, रोज त्याच जागी आणि त्याच वेळी ठेवा. मुंग्यांसाठी परातीत बोटभर पाणी ओतून मधोमध वाटी ठेवली की झालं. ओलं खाणं उन्हाळ्यात तासाभरात उचला.

तपासा: दोन दिवसांत ती तुमच्या भांड्याच्या आवाजाला येऊ लागली का? आली तर पुढच्या टप्प्याला जा. अजून लपून खात असेल तर आणखी एक-दोन दिवस फक्त खाऊ घाला.

## ३. जागा करायची, पण पिल्लं हलवायची नाहीत

तिनं निवडलेली जागा सुरक्षित असेल तर तिला तिथंच राहू द्या. बाळंतिणीची खोली शोधल्यासारखी ती जागा शोधते: अंधारी, कोरडी, एका वाटेची. आपण तशीच जागा जवळ तयार करून ठेवायची. पटली तर ती स्वतः पिल्लं आणते.

संत्र्याची लाकडी पेटी किंवा जाड पुठ्ठ्याचा खोका उत्तम. तोंड एका बाजूला ठेवा आणि खालची कड पाच-सहा बोटं उंच असू द्या, म्हणजे पिल्लं घरंगळून बाहेर येत नाहीत. तळाला वर्तमानपत्राचे थर आणि वर जुन्या धोतराचं किंवा लुगड्याचं धुतलेलं मऊ कापड. कापड रोज बदलता येईल असे तीन-चार तुकडे करून ठेवा.

आपल्याकडे हमखास होणाऱ्या तीन चुका इथं आहेत. मऊ म्हणून सुटा कापूस घालतात. तो पिल्लांच्या नखांत आणि पायांत गुंततो, तोंडात जातो. गोणपाट घालतात, त्याचे धागे सुटून पायाला किंवा मानेला फास बसतो. कुटार घालतात, त्यात धूळ, गोचीड, किडे सगळं असतं.

ऋतूप्रमाणे जागा बदलते. दिवस मोठे व्हायला लागले की मांजरींचा माज वाढतो, आणि गर्भ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा असतो. त्यामुळं आपल्याकडे भर उन्हाळ्यात खूप पिल्लं जन्मतात. नागपूर, अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या छताखालचा माळा अशा वेळी पिल्लांचा जीव घेतो. मातीच्या भिंतीची किंवा कवेलूची खोली, जमिनीवरचा उत्तरेकडचा कोपरा ही चांगली जागा. खिडकीला बाहेरून ओलं पोतं लावा. कुलर खोलीत चालला तरी त्याचा झोत थेट पेटीवर येऊ देऊ नका, आणि पेटीत ओलं कापड घालू नका. ओलं पिल्लू उन्हाळ्यातही रात्री गार पडतं.

पावसाळ्यात पेटी दोन विटांवर ठेवा. खाली ओल येत नाही, आणि साप-विंचू आहेत का ते वाकून पाहताही येतं. थंडीत तोंडावर अर्धा पडदा सोडा आणि कापडाचे थर वाढवा.

तपासा: पिल्लं एकावर एक चढून ढीग करतात आणि हाताला गार लागतात म्हणजे थंडी. लांब लांब पसरून पडली आहेत, तोंड उघडं ठेवून श्वास घेतात म्हणजे उष्मा. दोन्ही ठिकाणी आधी जागा सुधारा, औषध शोधू नका.

आई माणसाळलेली असेल, अंगावर हात फिरवू देत असेल तर तिला पेटी, पाणी, खाणं आणि शी-शूसाठी वाळूचं घमेलं यांसह एका खोलीत बंद ठेवणं सगळ्यात चांगलं. कुत्रे लांब राहतात, पिल्लं मारणारा बोका लांब राहतो, आणि तिला पुन्हा गाभण राहायची संधी मिळत नाही. आई बुजरी किंवा रानटी असेल तर कोंडू नका. घाबरून ती दारावर धडका देते, पिल्लं तुडवते, पाजणं सोडते.

हलवायचंच असेल तर असं करा. आई खाऊन शांत झाल्यावर, तिच्या देखत, हात धुऊन, सगळी पिल्लं एकाच टोपलीत एकाच वेळी न्या. जुन्या जागेचं कापड बरोबर घ्या, त्याला तिचा वास असतो. नवी जागा शक्यतो जुनीच्या दृष्टिपथात हवी. मग तिथून निघून जा. माणसाचा वास लागला की आई पिल्लं टाकते असं म्हणतात. मांजरीच्या बाबतीत हे बहुधा खरं नसतं. तिला त्रास होतो तो सारख्या डोकावण्याचा. शेजारपाजारच्या पोरांची जत्रा भरली की त्या रात्री ती पिल्लं हलवणार.

## ४. रोजची दोन मिनिटांची पाहणी

आई ताटलीवर असताना पाहणी करा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना हात फक्त वजनापुरता.

मोजा, सगळी आहेत का. मग स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रिक काट्यावर वाटी ठेवून एकेकाचं वजन करा आणि लिहा. जन्मतः पिल्लू साधारण ८० ते १२० ग्रॅमचं असतं आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढतं. एक दिवस वाढ नाही म्हणजे लक्ष ठेवा. वजन घटलं म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. डोळ्यांनी पाहून ‘बरं दिसतंय’ म्हणण्यात घात होतो. पिल्लू अशक्त दिसू लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, काट्यावर मात्र ते आधी कळतं. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर हीच करा.

ओळखायला रंग, शेपटी, पायाचे मोजे लक्षात ठेवा. गळ्यात काळा धागा किंवा घुंगरू बांधू नका. पिल्लू दर आठवड्याला जाड होतं, धागा होत नाही.

डोळे: पापण्या चिकटल्या तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाकडून बाहेर पुसा. दर डोळ्याला नवा बोळा. मिटलेल्या पापणीखाली फुगवटा किंवा पू दिसला तर वाट पाहू नका.

पिसवा: लहान पिल्लाचं रक्त इतकं थोडं असतं की पिसवांनीच ते मरू शकतं. हिरड्या पांढुरक्या दिसतात का ते पाहा. उवांची बारीक फणी घ्या, फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा, कापड रोज उकळत्या पाण्यातून काढा. एवढ्यानं बरंच आटोक्यात येतं.

सावध: गुरांच्या गोचिडांचं औषध, कोंबड्यांवर मारायची पावडर, कुत्र्याच्या गोचिडांचे थेंब यांतलं काहीही मांजरीला लावायचं नाही. कुत्र्यांच्या औषधांत असणारं परमेथ्रिन मांजराला विष आहे. पॅरासिटामॉलची गोळी, अगदी तुकडासुद्धा, मांजराचा जीव घेते. पेटी आणि फरशी फिनाईलनं पुसू नका. साबणाचं पाणी आणि कडक ऊन पुरतं.

आईकडेही पाहा. सड लाल, गरम, दगडासारखे टणक झाले आणि ती पिल्लांना झटकू लागली म्हणजे दाह आहे. मागून घाण वासाचा स्राव येत राहिला तर गर्भाशयात संसर्ग आहे. ती थरथरते, पाय ताठ होतात, अडखळत चालते, धापा टाकते, तर रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असू शकतं. ही तासांची बाब आहे, दिवसांची नाही. पिल्लं बाजूला घ्या आणि तिला लगेच न्या.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून विचारा, कारण तिथलं बहुतेक काम गाई-म्हशींचं असतं. पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. अवघड केस असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था इथं लहान प्राण्यांचे डॉक्टर असतात. हे पत्ते, वेळा, जायचं वाहन आजच ठरवून ठेवा. रात्री अकराला शोधाशोध करण्यात पिल्लू जातं.

## ५. आई खरंच नसेल तर

आई मेल्याचं पाहिलं आहे किंवा मातीच्या पट्ट्यावर पंजा उमटलेला नाही, पिल्लं गार आणि ओरडून थकलेली आहेत. तरच हा टप्पा.

आधी गावात विचारा, कोणाकडे मांजर व्यालेली आहे का. पाजणारी मांजर त्याच वयाची परकी पिल्लं पुष्कळदा घेते. तिच्या पिल्लांच्या कापडात नवी पिल्लं घोळून, ती खात असताना मध्ये ठेवा आणि तासभर पाहत राहा. हे जमलं तर बाटलीपेक्षा शंभर पटीनं बरं.

नाहीच जमलं तर पुढचा क्रम मोडायचा नाही.

पहिली ऊब. गार पिल्लाच्या पोटात दूध गेलं तर ते पचत नाही, फुफ्फुसात जायचीही भीती असते. बाटलीत गरम पाणी भरा, कापडात गुंडाळा, पिल्लाच्या एका बाजूला ठेवा म्हणजे चटका वाटला तर त्याला सरकता येईल. अर्धा-एक तास लागू शकतो. चुलीजवळ, निखाऱ्याजवळ ठेवणं किंवा गरम पाण्यात बुडवणं नको. तोंडात करंगळीचं टोक घालून पाहा, आत ऊब लागली पाहिजे. पिल्लू ढिलं पडलेलं असेल तर ऊब आल्यावर कोमट साखरपाण्याचा एखादा थेंब हिरड्यांना चोळा.

मग दूध. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध-पावडर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते. ती येईपर्यंत एखाद्या दिवसाची निभावणी म्हणून उकळून कोमट केलेलं शेळीचं दूध चालवून घ्या. त्यावर आठवडे काढू नका. गाई-म्हशीचं दूध नको. पाणी घालून पातळ केलेलं तर अजिबात नको, त्यानं हगवणही लागते आणि पोषणही मिळत नाही.

पाजताना पिल्लू पोटावर. आईला पितं तसं, चार पाय खाली, मान सरळ. आपण बाळाला पाजतो तसं उताणं धरू नका. बहुतेक पिल्लं इथंच जातात, दूध श्वासनलिकेत उतरून. बिनसुईची १ किंवा २ मिलीची सिरिंज घ्या, थेंब थेंब सोडा, त्याला चोखू द्या. नाकातून दूध आलं की थांबा, डोकं खाली करून पुसा, आणि श्वास घरघरू लागला तर डॉक्टर गाठा.

प्रमाण: १०० ग्रॅम वजनाला एका वेळी ४ मिलीच्या आसपास. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्यात तीन-चार तासांनी, पुढं चार ते सहा तासांनी. दूध मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागलं पाहिजे.

प्रत्येक वेळी शी-शू करवा. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना ती आपली आपण होत नाही. आई चाटते म्हणून होते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं मागचा भाग हलक्या हातानं पुसत राहा. शू रोज अनेकदा झालीच पाहिजे. हे न केल्यानं पोट फुगून मेलेली पिल्लं ‘दूध पचलं नाही’ म्हणून सोडून दिली जातात.

## ६. चौथ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत

हा काळ सोपा आहे. पसरट ताटलीत पाण्यात भिजवून मऊ केलेलं पिल्लांचं खाद्य किंवा कुस्करलेली उकडलेली कोंबडी ठेवा. पिल्लं त्यात पाय घालतील, सांडतील, मग चाटतील. आईचं दूध चालूच असतं, तिला तोडू नका. शी-शूसाठी उथळ घमेल्यात वाळू किंवा कोरडी माती.

जंताचं औषध दोन आठवड्यांपासून सुरू होतं आणि आठव्या आठवड्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी दिलं जातं. वजन सांगून डॉक्टरांकडून मात्रा घ्या. गुरांचं जंतनाशक अंदाजानं थेंबभर घालणं जिवावर बेततं. त्याच दिवशी आईलाही द्या. लसी सहा ते आठ आठवड्यांनंतर सुरू होतात, रेबीजची साधारण तिसऱ्या महिन्यात.

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लांना माणसांचा हात लागला तर ती माणसाळतात. रोज थोडा वेळ, बसून, मांडीवर घ्या. बुजऱ्या आईची पिल्लं घरात रमवायची असतील तर हा वेळ दवडू नका.

सावध: ओरबाडलं किंवा चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. रेबीजची लस पूर्ण घ्या, एक सुई घेऊन थांबू नका. जखमेवर तिखट, चुना, हळद भरू नका. घरात गरोदर बाई असेल तर मांजरीच्या घमेल्याचं काम दुसऱ्यानं करावं.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कोणाला देऊ नका, कितीही मागणी आली तरी. देताना घर पाहून द्या: कुत्रं आहे का, खायला काय घालणार, नसबंदी करणार का. पिल्लं पोत्यात घालून आठवडी बाजारात, देवळामागं किंवा दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडणं ही त्यांची उपासमार आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार तो गुन्हाही आहे.

## ७. आईची नसबंदी, सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट

पाजत असलेली मांजर गाभण राहत नाही असं गावोगाव मानतात. राहते. पिल्लं काही आठवड्यांची असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. पिल्लंही चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकतात. म्हणजे हे शेवटचं काम लांबवलं तर तुमचं आधीचं सगळं काम पुढच्या विणीत दुप्पट होऊन समोर येतं.

वेळ अशी धरा: पिल्लं सुटं खाणं नीट खायला लागली, आईपासून वेगळी राहू लागली की साधारण दोन आठवड्यांत तिचे सड सुकतात. तेव्हा शस्त्रक्रिया. दवाखान्यात महिनाभर आधी विचारा की मांजरींची नसबंदी तिथं होते का, कोणत्या वारी, खर्च किती. जवळ होत नसेल तर शेजारच्या दोन-तीन घरांच्या मांजरी एकाच गाडीत नागपूर किंवा अकोल्याला नेल्या तर भाडं वाटून जातं.

नेण्यासाठी झाकण घट्ट बांधता येणारा प्लास्टिकचा क्रेट, आत कापड, वरून पातळ चादर. पोत्यात किंवा पिशवीत घालून एसटीत नेऊ नका; उन्हात ती गुदमरते. क्रेट आठवडाभर आधीच ताटलीजवळ उघडा ठेवा आणि तिचं खाणं त्यात घाला, म्हणजे त्या दिवशी झटापट होत नाही. किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतील. पाळायला सोपं जावं म्हणून आदल्या रात्रीच क्रेटमध्ये किंवा खोलीत घ्या, नाहीतर पहाटे उंदीर खाऊन येते. उन्हाळ्यात पहाटेच निघा.

परत आणल्यावर पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत उंच जागी चढू देऊ नका, खाणं थोडं थोडं द्या. बुजरी असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस कोरड्या खोलीत ठेवून मग जिथून पकडली तिथंच सोडा, आणि ताटली जुन्याच जागी, जुन्याच वेळी चालू ठेवा. टाक्याची जागा दहा दिवस रोज पाहा. थोडी सूज चालते; ओल, वास, टाका उघडणं किंवा दिवसभर न खाणं चालत नाही, त्या दिवशी पुन्हा दवाखाना.